हॉटेलातली खोली

अप्पा, मी तुमच्या हॉटेलात राहते.

आता ते हॉटेल उरलेलं नाही. मालकाने ते बंद करून त्याचे फ्लॅट केले आणि भाड्याने दिले, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण टॅक्सीवाल्याला जुनं नाव सांगितलं की तो अजून बरोबर दारात आणून सोडतो. खाली तुमच्या वेळची संगमरवरी फरशी आहे, रिसेप्शनचं लांब काउंटर आहे आणि त्यामागे इमारतीचा राखणदार चहाचा थर्मास घेऊन बसतो. पोहण्याचा तलाव बुजवून तिथे गाड्या लावतात. दारांवरचे पितळी आकडे कुणी काढलेले नाहीत. पुढच्या बाजूला दोन-दोन खोल्या जोडून एकेक घर केलंय, त्यामुळे तिथल्या घरांना दोन मुख्य दारं आणि दोन नंबर असतात, आणि स्वयंपाकघर म्हणजे बाथरूम फोडून केलेला बोळ. कांदा परतला की वास झोपायच्या खोलीत. माझं घर मागच्या बाजूला आहे. तिथे काहीच फोडावं लागलेलं नाही. ती घरं पहिल्यापासून घरं म्हणूनच बांधलेली होती. या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले आहे.

मी काही तुमच्या आठवणीने हे ठिकाण शोधत आले नाही, असा गैरसमज नको. माझ्या नवऱ्याची बदली रियाधहून दम्मामला झाली, मला इथल्या एका भारतीय शाळेत मुलींच्या विभागाची सुपरवायझर म्हणून काम मिळालं, आणि एजंटाने दाखवलेल्या घरांपैकी हे शाळेला सोयीचं होतं. खाली लॉबीत जुन्या हॉटेलचा फोटो लावला आहे. त्यावरचं नाव वाचलं तेव्हा कळलं, हे तुमचं हॉटेल. ते नाव मी लहानपणी टॉवेलच्या काठावर वाचलं होतं. हॉटेलने रद्दी म्हणून काढलेले टॉवेल तुम्ही रजेवर येताना बॅगेच्या तळाशी घालून आणायचात. जाड, पांढरे, काठावर निळी अक्षरं. आईने त्यांनी कधी अंग पुसलं नाही. तिने त्यांची पोतेरी केली. तुम्ही समोर बसलेले असताना ती त्या नावाने फरशी पुसायची.

तिला तुमच्या नोकरीची लाज वाटायची, हे तुम्हाला माहीत होतं. का वाटायची, हे मात्र तुम्ही कधी नीट पाहिलं नाहीत. तुम्ही आधी रास तनुराला तेल कंपनीच्या कॅम्पात होतात तेव्हा ती मान वर करून सांगायची, "कंपनीत आहेत." मग तुम्ही दम्मामला लाँड्रीचे सुपरवायझर झालात, पगार वाढला, हाताखाली माणसं आली, आणि तिकडे चिपळुणात तुमची किंमत उतरली. कारण तुम्ही "हॉटेलात" लागलात. आपल्याकडे हॉटेल म्हणजे काय, हे चिपळूणच्या माणसाला सांगायला हवं का? एस.टी. स्टँडसमोरची बाकडी, काळी कढई, गिऱ्हाइकांच्या उष्ट्या कपबश्यांची बादली. हॉटेलात माणसं खातात आणि उठून जातात. राहायचं असेल तर लॉज, आणि लॉजवर कोण कुणाला घेऊन जातं ते न बोलता सगळ्यांना कळतं. तुम्ही इथे या लॉबीतून रोज जात-येत होतात. तुमच्या डोळ्यांसमोर हे झुंबर होतं. आईच्या डोळ्यांसमोर भज्यांची कढई होती. एकच शब्द होता आणि तुम्ही दोघं त्याच्या दोन टोकांना होतात.

ती कॅसेट आली तो रविवार मला लख्ख आठवतो. मी बारावीला होते. तुमच्याबरोबर काम करणारे शिरळचे गृहस्थ रजेवर आले होते, ते कॅसेट घेऊन आले. आपल्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून शेजारच्या शिंप्याचा आणला, आणि टेपरेकॉर्डर आला म्हणजे आळी आली. पडवीत बायका दाटून बसल्यात. आईने नवी साडी नेसली आहे, तुमचा आवाज ऐकायला. बटण दाबल्यावर आधी खरखर, मग पंख्याचा आवाज, मग तुम्ही घसा साफ करता. सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस करता. गाईचं विचारता. मग थांबता. मग म्हणता, "मला इथे हॉटेलात खोली मिळतेय. तुम्ही दोघी या."

कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून एक काकू म्हणाली, "अगो बाई! बायकोला लॉजवर बोलावतोय की काय हा?"

पडवी हसली. तुम्हाला ते हसणं ऐकू आलं नाही, मला आलं. दुसरी कुणीतरी म्हणाली, "जा गो, जा. सकाळी उठल्या-उठल्या आयता चहा, गरम भजी." आणखी हसणं. मागे तुमचा आवाज चालूच होता, पण त्या गलक्यात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आई उठली, तिने बटण दाबलं, ते नीट दाबलं गेलं नाही म्हणून मुठीने दाबलं. "झालं," ती म्हणाली, "चहा टाकते." संध्याकाळी शिंपी त्याचा टेपरेकॉर्डर घेऊन गेला. गणपतीच्या वेळी तो परत मागून आणला तेव्हा आईने त्याच कॅसेटवर आरत्या भरून घेतल्या. पुढे तुम्ही काय बोलला होतात ते कुणीही ऐकलेलं नाही. उत्तर तिने शिरळच्या गृहस्थांबरोबर तोंडी पाठवलं. मी दारात उभी होते. "त्यांना सांगा, आम्ही घरंदाज माणसं आहोत. हॉटेलात राहणारी नाही." त्या गृहस्थांना तरी काय ठाऊक, तेही कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत सहा जणांत राहत होते; त्यांनी मान हलवली आणि निघाले.

अप्पा, मी आयुष्यभर मुलींना निबंध शिकवले. पहिला नियम हा, की मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात आली पाहिजे. मागाहून येणाऱ्या गोष्टीसाठी वाचणारा थांबेलच असं नाही. तुम्ही पहिल्या वाक्यात "क्वार्टर" म्हणाला असतात, तर आई दुसऱ्या दिवशी ट्रंक भरून बसली असती. रेल्वेवाल्यांना क्वार्टर असतं, धरणावरच्या इंजिनिअरला क्वार्टर असतं. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईला आळी हळदीकुंकवाला पहिला पाट देते. त्याच काकूने दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं असतं, "वैनी, क्वार्टर केवढं आहे?" एक शब्द. तुम्हाला तो ठाऊक नव्हता असंही नाही. तुम्ही इथे सगळ्यांसारखं "रूम मिळाली" म्हणत असाल आणि बोलताना त्याचंच मराठी केलंत. बायकोला आयुष्यात एकदाच बोलावलंत, तेही भाषांतर करून.

पुढच्या रजेत तुम्ही आलात. मला वाटलं होतं भांडण होईल, आणि भांडणात तरी सगळं बाहेर येईल. तुम्ही काही बोलला नाहीत, तिने काही विचारलं नाही. तुमचा सगळा बोलका स्वभाव चादरींत गेला. सकाळी उठून तुम्ही अंथरुणाच्या चारी कोपऱ्यांना अशा घड्या घालायचात की त्यावर बसायला भीती वाटावी. माझ्या लग्नात तुम्ही जेवणावळीच्या टेबलांवरचे कागद मोजून मापून दुमडत होतात, वरपक्ष बघत होता. आई तुमच्याजवळ जाऊन हळूच, पण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे हॉटेल नाही. कार्य आहे घरचं." तुमचे हात थांबले. तुम्ही तो कागद तसाच अर्धा दुमडलेला सोडलात आणि मांडवाबाहेर जाऊन उभे राहिलात. मला तुमचा राग आला. का उलटून बोलत नाही हा माणूस, असं वाटलं. अजून वाटतं.

तुम्ही कायमचे परत आलात आणि दोन पावसाळेही पुरते काढले नाहीत. तुम्ही गेल्यावर आईने तुमच्याबद्दल जे सांगायचं ते एका वाक्यात बसवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती ते सांगते. "मला लॉजवर बोलावलं होतं त्यांनी." सांगून पदर सारखा करते. या वाक्यावर ती एकटीने इतकी वर्षं उभी आहे, अप्पा. घर तिने एकटीने चालवलं, मला एकटीने शिकवलं, दुखणी एकटीने काढली, आणि दर वेळी कणा ताठ ठेवायला हे वाक्य होतं. मीही त्यावरच मोठी झाले. बापाने आम्हाला नेलं नाही, नेणार होता ते असं, हे मला पाठ होतं.

होळीच्या सुमारास ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण आता एकटीला ठेवता येत नाही. डबा देणारी शेजारीण मुलाकडे पुण्याला गेली. मी फोनवर म्हटलं, "आई, व्हिजिट व्हिसा काढते, ये माझ्याकडे." मला वाटलं नाही म्हणेल. ती म्हणाली, "येते. तुझं घर आहे म्हणून येते हो. त्यांच्या नावाने नसते आले." मी तिला फ्लॅट आहे एवढंच सांगितलं होतं. कुठला, ते सांगितलं नव्हतं. मनात होतं, आल्यावर सांगू, एखाद्या दुपारी, फोटोसमोर उभं करून. तिची जरा जिरवावी असंही मनात होतं. बघ ग, इथे होते ते. ही भज्यांची कढई बघ.

मग समोरच्या दारातली बाई चहाला आली. हैदराबादची आहे, जन्म मात्र इथलाच, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिचे वडील या हॉटेलात बेकरीत पाव-केक करायचे. शाळेत असते म्हणून मला "मिस" म्हणते. मी सहज बोलून गेले की माझी आई येणार आहे आणि माझे वडीलही एके काळी इथेच लाँड्रीत होते. तिने कप खाली ठेवला.

"लाँड्री में? रत्नागिरीवाले चाचा? सफेद शर्ट, इधर पेन?"

"हो," मी म्हटलं. "चिपळूणचे."

"या अल्लाह, मिस, आप चाचा की बेटी हैं? इत्ते दिन से सामने बैठे हैं और बोले नहीं आप!" ती उठून माझ्या गळ्यातच पडली. मला असलं जमत नाही. मी सरळ उभी राहिले. मग तिने माझा हात धरला आणि मला तिच्या घरात ओढत नेलं. "आओ, आओ. ये घर किसका है मालूम? आपकाच है. चाचा को मिला था."

तिने सांगितलं ते असं. मागची ही बाजू स्टाफच्या कुटुंबांसाठी होती. तुम्हाला त्यातलं एक घर मिळालं. तुम्ही ते घेतलंत, रंग दिलात, खिडक्यांना पडदे लावलेत, आणि कुलूप घातलंत. "एक रमज़ान से दूसरे रमज़ान तक बंद था. चाचा जुम्मे को आते, फर्श धोते, बैठते, जाते. हम बच्चे लोग पूछे तो बोलते, मेरी बेटी इम्तिहान दे के आ रई." म्हणजे आईचा निरोप पोचल्यावरही तुम्ही किल्ली खिशात ठेवलीत. मग व्यवस्थापनाने सांगितलं, माणसं आणा नाहीतर घर सोडा. बेकरीवाल्याची सगळी पोरंबाळं तेव्हा एका खोलीत होती. तुम्ही किल्ली त्यांना दिलीत; हॉटेल गेल्यावरही त्यांनी तेच घर भाड्याने ठेवलं. "अम्मी मरते दम तक दुआ देते थे चाचा को. ईद पे हमारे लिए फ्रॉक लाते थे, मिस. हर साल. मेरा तो गुलाबीच रहता था."

गुलाबी. आमच्याकडे टॉवेल यायचे.

तिने स्वयंपाकघर दाखवलं. आपल्या चिपळूणच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं आहे, खिडकी आहे, खिडकीतून समुद्राच्या बाजूचं आभाळ दिसतं. एका भिंतीला लाकडी फळी आहे, कमरेच्या थोडी वर. "ये देखो, चाचा अपने हाथ से लगाए. कित्ता नीचे है! अम्मी की कमर रह जाती थी डिब्बे निकालते-निकालते. अब्बा बोले ऊपर कर देते, अम्मी बोले नक्को, चाचा की निशानी है." ती हसत होती. तिला ठाऊक नाही आई केवढी आहे ते. आई माझ्या खांद्याला लागते, अप्पा. आपल्या घरी वरचा डबा काढायला ती उलट्या घमेल्यावर चढायची, आणि तुम्ही ओरडायचात, पडशील म्हणून.

"अम्मा आएंगे तो सबसे पैले मेरे घर," शेजारीण म्हणाली. "उनका किचन उनको दिखाना है मुझे."

मी घरी आले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत तीन मुलींना नखांवरून बोलले, ते बोलायला नको होतं असं नाही, पण आवाज चढला. चार दिवसांनी मी नवऱ्याला सांगितलं की आपण हे घर सोडतोय. शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट आहे, तो मी बघून आले आहे.

"अगं, सोडायचं कशाला? तुझी शाळा इथून जवळ. पाण्याचा त्रास नाही. शेजार चांगला."

"आईला जुन्या लिफ्टची भीती वाटेल."

"आपण तळमजल्यावर राहतो."

"तरी."

त्याने माझ्याकडे बघितलं. तो हिशेबी माणूस आहे, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे विचारायचं नाही हे त्याला कळतं. "ठीक आहे," म्हणाला, "यल्ला, चल, खोकी आणतो."

शेजारणीला कळलं तेव्हा ती दारात उभी राहिली. "मिस, मैं कुछ गलत बोली क्या?" मी म्हटलं, नाही, तू काहीच चुकीचं बोलली नाहीस. तिने विचारलं, निदान अम्मा आल्या की एकदा तरी आणाल ना? मी म्हटलं, बघू. माझं "बघू" म्हणजे काय हे माझ्या शाळेतल्या सगळ्यांना माहीत आहे. तिला नाही. ती खूश होऊन गेली.

तुम्हाला वाटेल, ही आईला जपते आहे. नवऱ्यालाही पुढेमागे मी तेच सांगेन: इतक्या वयात तिला कशाला कळायला हवं, की ती ज्याला लॉज म्हणत राहिली ते तिच्या उंचीला बेतलेलं घर होतं. ते ऐकायला बरं वाटतं, आणि थोडं खरंही आहे. पण मी आईला ओळखते. ती मोडणार नाही. ती त्या स्वयंपाकघरात उभी राहील, इकडेतिकडे बघेल, दोन दिवस जेवणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याबद्दल चांगलं बोलायला लागेल. म्हाताऱ्या माणसांना हे चटकन जमतं. त्यांच्यापाशी वेळ थोडा असतो.

मग तुम्हाला विचारायचं कुणी? एवढं सगळं करून तुम्ही दुसरी कॅसेट का भरली नाहीत? पडद्यांना वेळ होता, फरशी धुवायला दर शुक्रवार होता, दुसऱ्याच्या मुलींना फ्रॉक निवडायला होता. एकदा रजेवर आल्यावर पडवीत बसून, आळीसमोर, मोठ्या आवाजात सांगायला काय झालं होतं? बायकोने एकदा नाही म्हटलं म्हणून तुम्ही रुसलात, आणि तो रुसवा इतका सभ्यपणे पाळलात की आम्हाला तो दिसलाही नाही. मुलीने बापाशिवाय वाढायचं, बाईने नवऱ्याशिवाय म्हातारं व्हायचं, पण तुम्ही दुसऱ्यांदा विचारायचं नाही. हा स्वाभिमान नव्हे, अप्पा. हा आळस आहे. मला फळी दाखवून तो झाकला जात नाही.

खोकी आली आहेत. भांडी भरून झाली, पुस्तकं राहिलीत. आईचा व्हिसा आला, तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. नव्या घरी तिची खोली पूर्वेला असेल. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टाकायचंच झालं तर मला तोंडपाठ असलेला तुमचा एकच पत्ता आहे, आणि तिथे सध्या मी राहते.

आणि एक कबूल करते, दुसऱ्या कुणाला करणार नाही. आईला कळलं तर ती तुम्हाला माफ करेल, याचीच मला भीती आहे. तुमच्यावर रागावणं हे आम्ही दोघींनी मिळून केलेलं एकमेव काम आहे. ते तिने सोडलं, तर तिच्याशी दिवसभर काय बोलायचं, हे मला ठाऊक नाही.